दगडी तारण : एडिनबरामधल्या एका माजी बँकेची वास्तू

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे कर्जविभागात गेली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘तारण काय देणार?’ हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. सात-बारा, घराचे खरेदीखत, सोने, विम्याची पॉलिसी, गोदामातला माल, सगळे पाहून झाले. उलटा प्रश्न मात्र मला कुणी विचारला नाही. ‘माझी आयुष्यभराची पुंजी तुमच्याकडे ठेवतो आहे; तुमचे तारण काय?’ विचारण्याची गरज नव्हती, कारण आमच्या पाठीशी सरकार होते, रिझर्व्ह बँक होती आणि खिशातल्या नोटेवर गव्हर्नरांची सही होती.

एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न रोजचा होता. तिथे नोटा काढीत त्या खाजगी बँका. (आजही तीन स्कॉटिश बँका स्वतःच्या नोटा काढतात. लंडनच्या एखाद्या दुकानदाराने ती नोट उलटीपालटी करून पाहिली की स्कॉटिश माणसाचा पारा चढतो, ते त्यामुळेच.) नोट म्हणजे एका कंपनीने दिलेले वचन. वचन देणाऱ्याची ऐपत काय, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे? ताळेबंद त्याच्या हाती पडत नव्हता, पडला तरी वाचता येत नव्हता. त्याला दिसत होती ती इमारत. मुलीकडे एडिनबराला दोन उन्हाळे राहणे झाले, तेव्हा मी या बँकांच्या जुन्या इमारती एक तारण म्हणून पाहू लागलो. इतकी वर्षे ज्या नजरेने शेते आणि घरे पाहिली, त्याच नजरेने. त्यांतली एक मला विशेष बोलकी वाटली. तिचा पत्ता १४ जॉर्ज स्ट्रीट.

ही कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडची मुख्य कचेरी. वास्तुकार डेव्हिड ऱ्हिंड. बांधकाम १८४३ ते १८४७. जॉर्ज स्ट्रीट हा एडिनबराच्या ‘न्यू टाउन’चा कणा. नाव न्यू टाउन असले तरी ते वसले अठराव्या शतकात. जेम्स क्रेग या तरुणाने १७६६च्या स्पर्धेत मांडलेल्या आराखड्यावरून. सरळ रुंद रस्ते, दोन टोकांना दोन चौक, मधे एका उंचीची, एका रंगाच्या दगडाची घरे. या शिस्तबद्ध ओळीत चालता चालता दक्षिण बाजूला अचानक रस्त्याचे माप बदलते. सहा प्रचंड कॉरिंथियन स्तंभ, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, वर भला थोरला त्रिकोणी शिरोभाग आणि त्यात मूर्तींची दाटी. पायऱ्या चढून स्तंभांच्या मधून आत जायचे. रोमन देवळाचा मुखमंडपच.

बँकेला देऊळ का, याचे एक उत्तर पुस्तकी आहे. प्राचीन रोमचा सरकारी खजिना शनिदेवाच्या, म्हणजे सॅटर्नच्या, मंदिरात असे. ‘मनी’ हा इंग्रजी शब्दच मुळी जुनो मोनेटा या देवतेच्या मंदिराशी जोडलेल्या टांकसाळीवरून आला. ऱ्हिंड इटली पाहून आलेला होता, आणि रोमन स्तंभाची भाषा त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित वास्तुकाराला येत होती. पण या पुस्तकी उत्तराने माझे समाधान होत नाही. जॉर्ज स्ट्रीटवर ही भाषा इतक्या मोठ्या आवाजात का बोलली गेली, याचे कारण बँकेच्या वयात आहे.

स्कॉटलंडच्या तीन जुन्या बँका म्हणजे बँक ऑफ स्कॉटलंड (१६९५), रॉयल बँक (१७२७) आणि ब्रिटिश लिनन (१७४६). तिन्ही सनदी. तिन्हींच्या संचालक मंडळांवर सरदार-जमीनदारांचा आणि सत्ताधारी पक्षाच्या माणसांचा वरचष्मा. कमर्शियल बँक निघाली १८१० मध्ये, ती या मक्तेदारीला कंटाळलेल्या व्यापारी आणि वकिलांनी काढली म्हणून. तिच्या संस्थापकांत हेन्री कोबर्न हा पुढे न्यायाधीश झालेला वकील होता. आपली बँक नागरिकांची बँक, असा तिचा बाणा. राजाची सनद मिळायला तिला १८३१ साल उजाडावे लागले, आणि त्या सनदेनेही भागधारकांची जबाबदारी मर्यादित झाली नाही. बँक बुडाली तर भागधारकाचे घरदारही तिच्याबरोबर जाणार, हा धोका कायम राहिला. म्हणजे ही बँक तशी उपरी. खानदानी घराच्या शेजारी नव्याने आलेल्या माणसाने ओटा जरा उंच बांधावा, तसा हा मुखमंडप आहे.

जागाही साधी नव्हती. तिथे एडिनबराच्या वैद्यांच्या रॉयल कॉलेजचे सभागृह होते, खुद्द जेम्स क्रेगने १७७५च्या सुमारास बांधलेले. नगराची आखणी करणाऱ्या माणसाची स्वतःची इमारत बँकेने विकत घेतली आणि पाडली. गंमत अशी की याच कोबर्नने १८४९ मध्ये एडिनबराचे सौंदर्य कसे नासवावे याविषयी नगरप्रमुखाला उद्देशून एक उपरोधिक पत्र छापले, आणि शहराचा वारसा जपणारी आजची संस्था त्याचेच नाव लावते.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, १३ क्रमांकावर सेंट अँड्र्यूज चर्च आहे. १८ मे १८४३ रोजी स्कॉटलंडच्या चर्चची महासभा इथे भरली होती. गावच्या धर्मोपदेशकाची नेमणूक जमीनदाराने करावी की गावाने, या वादावरून डॉ. चामर्स आणि त्यांचे सहकारी सभा सोडून उठले आणि मिरवणुकीने उताराकडे चालते झाले. एकूण ४७४ धर्मोपदेशकांनी पगार आणि राहती घरे सोडली. त्याचा धक्का मुंबईपर्यंत पोहोचला. ज्यांचे नाव आज चौपाटीवरच्या कॉलेजला आहे ते डॉ. जॉन विल्सन या नव्या ‘फ्री चर्च’ला मिळाले. आता हा योगायोग पाहा : ज्या वर्षी जमीनदारांच्या हाताखाली राहायचे नाही म्हणून माणसे या दारातून बाहेर पडली, त्याच वर्षी समोर, त्याच जमीनदारी वर्चस्वाला वैतागून निघालेली बँक पाया खणत होती. दोन्ही घटनांत कार्यकारण नाही. पण मध्यमवर्ग अंग झटकून उभा राहतो आहे, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसत होते.

शिरोभागातल्या मूर्तींकडे मान वर करून पाहावे लागते. मधोमध कॅलेडोनिया, म्हणजे स्कॉटलंडची देशमाता. तिच्या दोहों बाजूंना विवेक, शेती, व्यापार, उद्यम, यंत्रविज्ञान आणि विद्या. शिल्पकार अलेक्झांडर हँडीसाइड रिची. देव एकही नाही, राजाही नाही. देवळाच्या ज्या जागी ग्रीकांनी युद्धे आणि देवतांचे जन्म कोरले, तिथे बँकेने आपल्या कर्जदारांची यादी कोरली, असे मला वाटले. शेतीकर्ज, व्यापारकर्ज, यंत्रसामग्रीसाठी कर्ज! आणि त्यांच्या रांगेत विवेक, म्हणजे ‘प्रुडन्स’. ‘प्रुडेन्शियल नॉर्म्स’ हे शब्द आमच्या परिपत्रकांत १९९२ नंतर आले. इथे ही बाई दीडशे वर्षे आधीच बसलेली आहे.

शेजाऱ्यांनी हे पाहून गप्प बसणे शक्य नव्हते. जॉर्ज स्ट्रीटच्या पूर्व टोकाला सेंट अँड्र्यू चौक आहे. चौकाच्या मध्यभागी उंच स्तंभावर हेन्री डंडस उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’चा हा अध्यक्ष, हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांवर स्कॉटिश पोरांची वर्णी लावण्यात याचा हात कोणी धरू शकत नसे. त्याच्या मागे रॉयल बँकेची कचेरी. मुळात ते सर लॉरेन्स डंडस या धनाढ्याचे घर, विल्यम चेंबर्सने १७७१ ते १७७४ मध्ये बांधलेले. क्रेगच्या आराखड्यात ती जागा सेंट अँड्र्यूज चर्चची होती. डंडसने ती आधीच पटकावली, म्हणून चर्चला जॉर्ज स्ट्रीटवर सरकावे लागले. आणि या घराला लागूनच ब्रिटिश लिनन बँक. ऱ्हिंडचे काम चालू असतानाच, १८४६ मध्ये, तिने डेव्हिड ब्राइस या वास्तुकाराला पाचारण केले. १८५१ मध्ये तिची इमारत पुरी झाली.

ब्राइसनेही सहा कॉरिंथियन स्तंभच घेतले. पण त्याचे स्तंभ छत तोलत नाहीत. ते दर्शनी भिंतीपासून पुढे सरकून सुटे उभे आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक एक मूर्ती आहे : नौकानयन, व्यापार, कारखानदारी, विज्ञान, कला आणि शेती. मूर्तिकार पुन्हा रिचीच. ऱ्हिंडच्या स्तंभांना निदान शिरोभाग उचलण्याचे काम आहे. ब्राइसच्या स्तंभांना निव्वळ मिरवण्याचे. सहा खांब नुसते उभे करण्याची ऐपत आमच्यात आहे, एवढेच ते सांगतात. रॉयल बँकेनेही मग १८५७च्या सुमारास घराच्या मागे जॉन डिक पेडी याच्याकडून नवे दालन बांधून घेतले. त्याच्या घुमटात ताऱ्यांच्या आकाराची काचेची भोके आहेत. दिवसा निळ्या छतातून तारे चमकल्यासारखा उजेड पडतो. हे छत पुढे बँकेच्या नोटांवर पार्श्वभूमी म्हणून छापले गेले. इमारत नोटेला तारण, आणि नोटेवर इमारतीचे चित्र. गहाणखतावरच शेताचा नकाशा काढावा, तसे.

ऱ्हिंडच्या इमारतीत आत गेल्यावर मुखमंडपामागे आधी प्रवेशदालन लागते आणि मग मुख्य हॉल. या हॉलला स्कॉटलंडमध्ये ‘टेलिंग रूम’ म्हणत. ‘टेल’ म्हणजे मोजणे; आपल्या बँकांतल्या ‘टेलर’चे मूळ हेच. हॉलचा आकार चार समान बाहूंच्या क्रुसासारखा, मध्यावर घुमट. ही रचना केवळ शोभेची नाही. तिजोरी असलेल्या इमारतीला रस्त्याच्या पातळीवर मोठ्या खिडक्या नकोत. पण विजेच्या दिव्यांच्या आधीच्या काळात बोरूसारखी बारीक अक्षरे लिहिणाऱ्या, नोटा आणि नाणी पारखणाऱ्या कारकुनांना भरपूर आणि सारखा उजेड हवा. तो वरूनच घेतला पाहिजे. वरचा उजेड सावली कमी पाडतो. नोटेवरची खोटी सही पकडायला तो बरा. शिवाय क्रुसाच्या बाहूंमुळे मोजणीची, हुंड्यांची, ठेवींची टेबले वेगळी होतात, तरी मधल्या माणसाला सगळी दिसतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या शाखेत मॅनेजरची काचेची केबिन नेमकी याच हिशेबाने बसवलेली असे. कमी पैशांत, एवढाच फरक.

आता वाचक म्हणेल, हे सगळे रोमन झाले. यात स्कॉटिश शैली कुठे आहे? स्कॉटिश शैली म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो किल्ला : कोपऱ्यावर भिंतीतून बाहेर आलेला, दगडी तोड्यांवर तोललेला, निमुळत्या टोपीचा बुरूज, दोन्ही अंगांनी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी त्रिकोणी भिंत, जाड भिंतींत लहान खिडक्या. या शैलीला ‘स्कॉटिश बॅरोनियल’ म्हणतात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सरदारांच्या गढ्यांची ती एकोणिसाव्या शतकाने केलेली उजळणी. आपल्याकडे बुरूज असलेला सिमेंटचा बंगला बांधून त्याला ‘गढी’ नाव देतात, तसेच काहीसे. फक्त तिथले काम अस्सल दगडाचे आणि फार सफाईचे.

या शैलीची सुरुवात सांगताना सर वॉल्टर स्कॉटचे नाव टाळता येत नाही. मराठी वाचकाला तो ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून माहीत आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांची चर्चा त्याच्या उल्लेखाशिवाय क्वचितच होते. या स्कॉटने १८१७ ते १८२४ या काळात ट्वीड नदीकाठी ॲबट्सफर्ड नावाचे घर बांधले. बुरूज, पायरीदार भिंती, जुन्या पाडलेल्या इमारतींतून आणलेले कोरीव दगड. लोकांनी ते पाहिले आणि तसली घरे मागू लागले. पुढे १८४५ पासून रॉबर्ट बिलिंग्ज याने जुन्या गढ्यांची आणि चर्चची चित्रे चार खंडांत छापली, त्यामुळे वास्तुकारांच्या हाती तपशिलांची खाणच आली.

पण हाच स्कॉट बँकांच्या इतिहासातही मधोमध उभा आहे. १८२५च्या आर्थिक पडझडीत त्याचे प्रकाशक आणि मुद्रक बुडाले, त्यात तो भागीदार असल्याने जानेवारी १८२६ मध्ये स्वतःही कर्जात बुडाला. त्याच वर्षी लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचे ठरवले. स्कॉटलंडमध्ये सोन्याचे नाणे दुर्मीळ, सारा व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर. स्कॉटने मॅलाकी मॅलाग्रोथर या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहून अशी काही झोड उठवली की सरकारला स्कॉटलंडपुरती माघार घ्यावी लागली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्याचा चेहरा आहे तो या उपकाराची आठवण म्हणून. दिवाळखोरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने बँकांच्या नोटा वाचवल्या! कर्जविभागात इतकी वर्षे काढूनही असा कर्जदार माझ्या वाट्याला आला नाही.

म्हणजे बुरुजांची आवड आणि नोटांचा हक्क, दोन्ही एकाच माणसाने जोपासले. मग बँकेच्या मुख्य कचेरीला बुरूज का नाहीत? बुरूज येत नव्हते असे मुळीच नाही. ब्राइस तर या शैलीचा बादशहा. ब्रिटिश लिननचे स्तंभ उभे राहत होते, त्याच वर्षांत तो ऑर्कनी बेटांवर बॅलफर कॅसल हे बुरुजांचे घर बांधत होता. ऱ्हिंडनेही शहराबाहेर कार्लाउरी कॅसल बांधले आणि डॅनियल स्टुअर्ट यांच्या शाळेला मनोऱ्यांचा मुकुट चढवला. एकच हात, एकच टाक. घरासाठी गढी, बँकेसाठी देऊळ. माझ्या मते याचे कारण तारणातच आहे. गढी सांगते, ‘आम्ही इथले जुने, ही जमीन आमची, परक्याने दूर राहावे.’ पिढीजात मालकाला, किंवा तसे दिसू पाहणाऱ्या नवश्रीमंताला, ते शोभते. बँकेला परक्याला आत बोलवायचे होते. उंच पायऱ्या, उघडा मंडप, कुणाच्याही कुळाचे नसलेले रोमन खांब. कमर्शियल बँकेला तर ‘आमचे घराणे जुने’ असे म्हणण्याची सोयच नव्हती.

ब्राइसच्या बुरुजांचे एक टोक आपल्यापर्यंत येते. पर्थशायरच्या ब्लेअर ॲथॉल गावातल्या ब्लेअर कॅसलचे बुरूज अठराव्या शतकात एका ड्यूकने जुनाट म्हणून उतरवले होते. १८६९ पासून दुसऱ्या ड्यूकने ब्राइसकडून ते पुन्हा चढवून घेतले. याच गावात १८७८ मध्ये जॉर्ज विटेट जन्मला. पर्थच्या हीटन यांच्या कचेरीत तो शिकला आणि १९०४ मध्ये मुंबईत आला, जॉन बेग या दुसऱ्या स्कॉटिश वास्तुकाराचा साहाय्यक म्हणून. गेटवे ऑफ इंडियाला गुजरातेतल्या सोळाव्या शतकाची कमान आणि म्युझियमला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट याने दिला. देशाची जुनी वास्तू अभ्यासून तिचे कपडे नव्या इमारतीला चढवायचे, ही रीत त्याने लहानपणापासून गावातच पाहिली होती. मुंबईत त्याने फक्त कपाट बदलले, असे मी धाडसाने म्हणेन. शिवडीच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

बँकांना बुरूज मिळाले ते खाली, गावपातळीवर. स्कॉटिश बँकांनी फार लवकर शाखांचे जाळे विणले होते. लहान गावांतल्या या शाखा मुख्य कचेरीसारख्या देवळासारख्या नाहीत. त्या घरासारख्या दिसतात, आणि विशेषतः शतकाच्या उत्तरार्धात त्यांतल्या कित्येकांना पायरीदार भिंती आणि एखादा कोपऱ्याचा बुरूज आहे. जरा निरखून पाहिले तर दर्शनी भागाला दोन दारे दिसतात. एक दार बँकेचे, दुसरे ‘एजंट’च्या घराचे. एजंट म्हणजे शाखेचा प्रमुख. बरेचदा तो गावचा वकीलच असे. खाली बँक, वर आणि मागे त्याचे बिऱ्हाड. माजघरात बायको-मुले, भिंतीपलीकडे तिजोरी. सावकाराच्या वाड्याशी याचे साम्य कुणालाही जाणवेल.

हे असे घर का लागले, ते कर्ज देण्याच्या स्कॉटिश पद्धतीत आहे. १७२८ मध्ये रॉयल बँकेने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला एक हजार पौंडांपर्यंत, खात्यात शिल्लक नसतानाही, लागेल तसे पैसे काढण्याची मुभा दिली. याला ते ‘कॅश क्रेडिट’ म्हणू लागले. माल किंवा जमीन गहाण नाही. दोन पतदार माणसे जामीन, आणि खाते फिरते ठेवायचे. व्याज वापरलेल्या रकमेवरच. ॲडम स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानदाराला किंवा साखर कारखान्याच्या हिशेबनिसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्याचे ‘सीसी खाते’ ते हेच. आपल्याकडे ते इतके रुजले की ते आवरावे कसे, यावर रिझर्व्ह बँकेला १९७९ मध्ये चोरे समिती नेमावी लागली. पण आपण घेतली ती सोय. मालाचे तारण आपण त्याला जोडले. मूळ स्कॉटिश पद्धतीत तारण होती ती ओळख. कोण कुणाचा जावई, कुणाची गुरे आजारी आहेत, जामीन राहिलेला माणूस अलीकडे कुठे पितो, हे एजंटाला ठाऊक हवे. त्यासाठी त्याने गावात राहायला हवे, चर्चमध्ये दिसायला हवे, आणि त्याचे घर गावातल्या बऱ्या घरांपैकी एक दिसायला हवे. शाखेच्या बुरुजाचा उपयोग तिथे. मुख्य कचेरीने ठेवीदाराला पटवायचे, शाखेने गावाला. स्कॉटिश शैली कुठे आहे या प्रश्नाचे माझे उत्तर त्या दुसऱ्या दारापाशी आहे.

राहिला प्रश्न तारणाच्या खरेपणाचा. दगडाचे स्तंभ बँक वाचवतात का? ग्लासगोची वेस्टर्न बँक १८५७ मध्ये कोसळली. त्याच शहरातल्या सिटी ऑफ ग्लासगो बँकेने २ ऑक्टोबर १८७८ रोजी दारे उघडलीच नाहीत. संचालकांनी वर्षानुवर्षे ताळेबंद रंगवले होते आणि बुडीत कर्जदारांना नवे कर्ज देत राहिले होते. (एव्हरग्रीनिंग हा शब्द नवा आहे, धंदा जुना.) तिच्या नोटा इतर बँकांनी स्वीकारल्या, त्यामुळे नोट बाळगणाऱ्याचे नुकसान झाले नाही. भरपाई कुणी केली? भागधारकांनी. जबाबदारी अमर्याद होती. प्रत्येक शंभर पौंडांच्या भागामागे एकूण २,७५० पौंड मागण्यात आले. १,८१९ भागधारकांपैकी सावरून उभे राहिलेले जेमतेम २५४. त्यांत विधवा होत्या, अविवाहित बहिणी होत्या, गावचे धर्मोपदेशक होते. भरवशाचा लाभांश म्हणून त्यांनी हे भाग घेतले होते. नोटेचे खरे तारण स्तंभ नव्हतेच, ही राहती घरे होती. जॉर्ज स्ट्रीटच्या मूर्तींत व्यापार आहे, शेती आहे. ही विधवा कुठल्याच शिरोभागात नाही. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, कायदा बदलून बँकांना भागधारकांची जबाबदारी मर्यादित करून घेण्याची वाट मोकळी झाली.

कमर्शियल बँक या वादळांतून तरली. तिच्या इमारतीचे वळण समुद्रापारही गेलेले दिसते : माँट्रियलच्या चौकात १८४७ मध्ये उभ्या राहिलेल्या बँक ऑफ माँट्रियलच्या कचेरीला तसेच सहा कॉरिंथियन स्तंभ आहेत, आणि तिच्या शिरोभागातले शिल्प एडिनबराच्या जॉन स्टील याने कोरून पाठवले. त्या बँकेच्या कारभारातही स्कॉटिश व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता.

१९५९ मध्ये कमर्शियल बँक आणि नॅशनल बँक एक झाल्या, आणि १९६९ मध्ये ही जोडबँक रॉयल बँकेत मिसळली. उपऱ्याचे घर शेवटी त्या चौकातल्या खानदानी शेजाऱ्याकडे गेले. एका बँकेला एका रस्त्यावर दोन देवळे कशाला हवीत? संगणक आल्यावर तर टेलिंग रूमचे प्रयोजनच गेले. २००५ मध्ये रॉयल बँकेने शहराबाहेर गोगरबर्न येथे काचेची आणि हिरवळीची नवी मुख्य कचेरी उघडली. तिला स्तंभ नाहीत, मूर्ती नाहीत. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्या बँकेला ब्रिटिश सरकारने करदात्यांच्या पैशाने वाचवले.

१४ जॉर्ज स्ट्रीटची इमारत ‘अ’ वर्गाचा वारसा असल्याने तिला हात लावता येत नाही. १९९६ पासून तिथे ‘द डोम’ नावाचे उपाहारगृह आहे. ब्राइसची ब्रिटिश लिननची कचेरीही आता हॉटेल झाली आहे. ऱ्हिंडच्या हॉलमध्ये घुमटाच्या बरोबर खाली गोल बार आहे आणि क्रुसाच्या चारही बाहूंत जेवणाची टेबले. नाताळात बाहेरच्या सहा स्तंभांना खालपासून वरपर्यंत हिरव्या माळा आणि दिवे गुंडाळतात. आपल्या आकाशकंदिलांच्या दिवसांची आठवण व्हावी इतका झगमगाट, आणि तो पाहायला रस्त्यावर गर्दी. टेबल मिळवायला महिनोन्‌महिने आधी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी करताना अनामत रक्कम मागतात.